काशीला तेलाचा हात

रेझिनला वास कसा येतो, हे मला कुणी विचारू नये. पूर्वी सांगता आलं असतं. मुंबईत भांडुपच्या कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायला लागलो, तेव्हा पहिले आठ दिवस त्या वासाने माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. मग सवय झाली. सवय म्हणजे काय, तर नाक हळूहळू मेलं आणि मी त्याला सवय म्हणत राहिलो. वीस वर्षांनी गावी परत आलो तेव्हा जिना चढताना दम लागत होता, दोन्ही हातांची कातडी सोललेली होती आणि अंगात एकच विद्या होती.

त्या विद्येला रत्नागिरीत गिऱ्हाईक मिळालं, हे नशीबच म्हणायचं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आठल्ये साहेबांनी नुकतीच शेड टाकली होती. फायबरच्या होड्या करायच्या आणि जुन्या लाकडी होड्यांना बाहेरून फायबरचं कवच चढवायचं, म्हणजे समुद्रातली कीड लाकूड पोखरणार नाही. साहेब पस्तिशीचे, रसायनशास्त्र शिकलेले. पुस्तकातलं सगळं त्यांना ठाऊक, हातातलं काहीच नाही. माझं बरोबर उलटं. म्हणून त्यांनी मला मुकादम केलं. ‘महिपत, नाक तुझं आणि डोकं माझं,’ असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. मी हसलो होतो. हसायला नको होतं.

नाक गेल्याचं फक्त कमळाला, माझ्या बायकोला, ठाऊक होतं. एकदा चुलीवर दूध करपलं आणि मी चुलीपासून दोन हातांवर विडी ओढत बसलो होतो. ती विहिरीवरून धावत आली. पातेलं घासत बसली आणि घासता घासता म्हणाली, “शेडवर म्हायती हाय?”

“नाय.”

“मग नका सांगू.”

मी नाही सांगितलं. मुकादमाचं नाक गेलं म्हणजे त्याच्याकडे उरलं काय? डब्यातलं रेझिन शिळं झालंय का, लाकडाला डांबर लागलंय का, ॲसिटोनच्या पिंपाचं झाकण उघडं राहिलंय का, हे सगळं नाकाने बघायचं असतं. मी एक युक्ती काढली होती. शेडमध्ये शिरलो की मोठ्याने विचारायचं, “भागोजी, सांग बघू, कसला वास येतोय?” भागोजी माझ्या हाताखालचा सगळ्यात जुना गडी, तिशीचा. त्याला वाटे मी त्याची परीक्षा घेतोय. छाती फुगवून तो एकेक वास सांगे, मी “बरोबर” म्हणे. तीन वर्षं हे चाललं. लोकांना वाटायचं, महिपत माणसं तयार करतो.

आता कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेझिन म्हणजे मधासारखी दाट गोष्ट. त्यात आधी जांभळ्या कोबाल्टचे थेंब घालून ढवळायचे, मग कॅटलिस्ट घालायचं. ही दोन्ही एकमेकांत थेट ओतली तर आग लागते, म्हणून दोन्ही बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवायच्या. मग काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन भरायचं, रोलर फिरवून हवा काढायची. पंचवीस मिनिटांत ते पकडायला, म्हणजे घट्ट व्हायला हवं. दहा मिनिटांत पकडलं तर डब्यातच दगड होतो आणि डबा धूर सोडतो. तासभर पकडलं नाही तर उभ्या बाजूवरून सगळं ओघळून खाली येतं. मे महिन्यात थेंब कमी, श्रावणात जास्त. हे पुस्तकात असतं म्हणतात, पण पुस्तकाला मिरजोळ्याचा पाऊस ठाऊक नसतो.

आत नक्की काय होतं, ते साहेबांनी एकदा शेडच्या दारावर खडूने काढून दाखवलं होतं. रेझिनमध्ये लांब लांब धागे असतात, सगळे सुटे. कॅटलिस्टचे तुकडे होतात आणि त्या तुकड्याला एकट्याने राहवत नाही. तो पहिल्याचा हात धरतो, तो दुसऱ्याचा, तो तिसऱ्याचा. धाग्याधाग्यांत आडव्या गाठी पडत जातात आणि शेवटी सगळ्याचं मिळून एक जाळं होतं. ते मग वितळत नाही की विरघळत नाही.

“म्हंजे सायब, ही आख्खी होडी येकच धागा?” भागोजीने विचारलं.

“एकच म्हण हवं तर,” साहेब म्हणाले. “आणि हे डब्यातच आपोआप होऊ नये म्हणून कंपनी त्यात थोडं रोखणारं औषध घालते. ते काय करतं? पुढे आलेला हात धरतं आणि गप्प बसतं. पुढच्याला हात देत नाही. साखळी तिथंच संपली.”

मला ते गप्प बसणारं औषध ओळखीचं वाटलं. पण ते असो.

शहाऐंशी सालचा आषाढ. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावचा धोंडू आपली होडी घेऊन यायचं ठरवून गेला. चोवीस फुटी होडी, फणसाच्या फळ्यांची, त्याच्या बापाने बांधून घेतलेली. धोंडूच्या आईच्या नावावरून तिचं नाव काशी. तळाला कीड लागायला लागली होती. मी त्याला बजावून सांगितलं, “धोंडू, रंधा मारून लाकूड उघडा कर. पंधरा दिस छपराखाली सुकव. तेल नाय, रंग नाय, डांबर नाय. कोरडी ठणठणीत हवी मना.”

“आनतो, दादा. नारळी पुनवेला पान्यात जायाला हवी पन. मी आनि दोगे पोरगे, तिगांचा पोट तिच्यावर हाय.”

त्याने सांगितलं तसं केलं. रंधा मारला, सुकवली. ट्रकवर चढवून मिरजोळ्याला आणली ती सकाळ मला नीट आठवते. शेडमध्ये दुसऱ्या एका साच्यावर काम चालू होतं, तीन डबे उघडे होते, म्हणजे बाकीच्या गड्यांची नाकं त्या वासाने भरलेली. मी काशीच्या तळावरून तळहात फिरवला. कोरडं लागलं. रंग जरा गडद वाटला, पण जुना फणस गडद असायचाच आणि त्यात पावसाळी उजेड. मी नेहमीसारखं ओरडलो, “भागोजी, कसला वास येतोय?”

भागोजी शिंकला. “नाक चोंदलाय, दादा. पडसा झालाय.”

“म्हंजे आज माज्याच नाकावर कारखाना चालायचा,” मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो, आणि हातात ब्रश घेतला.

तीन दिवसांत तीन थर चढवले. भागोजीच्या मनगटावर दुसऱ्या दिवशी बारीक फोड आले. काचेच्या धाग्याने खाज सुटते, फोड सहसा येत नाहीत. मी म्हटलं, साबणाने धू. तिसऱ्या दिवशी वरचा थर आरशासारखा पकडला. साहेब बघून गेले आणि खूश झाले.

पाचव्या दिवशी मी खिशातून रुपया काढला आणि होडीवर ठोकत निघालो. ही माझी भांडुपची सवय. पकडलेलं फायबर रुपयाने ठोकलं की टणटण वाजतं. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, टण वाजलं. पुढे सरकलो, तर भद्द. आणखी पुढे, भद्द. दोन्ही कुशींना आणि जवळजवळ सगळ्या तळाला भद्द. काठापाशी एका कोपऱ्यात सुरीचं टोक घालून कवच जरा उचललं. वरचे दोन थर कडक, आणि खाली लाकडाला लागून असलेला थर फणसाच्या चिकासारखा. बोट लावलं तर तार निघाली. मी होडीला टेकून खाली बसलो.

साहेबांना बोलावलं. ते वाकून बघत राहिले. “कॅटलिस्ट किती घातलंस?”

“नेहमीचाच. वरचे थर त्याच बाटलीतले हायत, सायब.”

“मग दमटपणा असेल. शेक दे.”

चार दिवस आम्ही कोळशाच्या शेगड्या पेटवून शेक दिला. श्रावणाच्या दमट हवेत, बंद शेडमध्ये. छातीत भाता चालल्यासारखा श्वास येत होता. भागोजी मला दोनदा बाहेर काढून दगडावर बसवून आला. पाचव्या दिवशी पुन्हा सुरी घातली. चीक तसाच होता. कारण कळत नव्हतं आणि कारण कळत नाही तेव्हा माणूस जास्त थकतो.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली. साहेब म्हणाले, “बाहेरून कडक आहे ना? तीनातले दोन थर पकडलेत. नेऊ दे त्याला. समुद्रावरच्या उन्हात तिसराही पकडेल.”

“नाय पकडणार, सायब. लाकडाला काय चिकटलाच नाय. इंजिनच्या हादऱ्याने वरचा सगळा सालीसारखा निघंल. आनि निघंल तो काय बंदरात निघंल? पाच मैल आत गेल्यावर निघंल. लाकूड तर आपनच रंधायला लावून पातळ केलाय.”

“कदाचित,” साहेब म्हणाले.

“कदाचित नाय.”

“महिपत, मला थकवू नकोस,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसून डोळे चोळू लागले. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं धड झोपला नसेल, एवढंच. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मीही गप्प बसलो. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत दोन दिवस घालवले. मलाही ती होडी डोळ्यांसमोरून जायला हवी होती. याची मला आजही लाज वाटते.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी धोंडू आला. ट्रक दुपारी यायचा होता. बरोबर त्याची बायको, येसूबाई. नऊवारी चापून नेसलेली, डोक्यावर इरलं, हातात पिशवी. पिशवीत नारळ, कुंकवाची पुडी आणि बूच लावलेली एक काळपट बाटली. होडीचा वरचा चकचकीत थर बघून तिने तोंडाला पदर लावला. “माजे बाय, सासूबाय नव्या नवरीवानी दिसतायत,” ती म्हणाली. धोंडू हसला. साहेबही त्यांच्या टेबलामागून हसले.

मग ती बाटलीचं बूच काढायला लागली.

“काय ता, वयनी?” मी विचारलं.

“काजूच्या टरफलाचा तेल. आमच्यात होडी कोरड्या अंगाने हलवीत नाय. घरातून जाताना येक हात दिलाव, आता परत जाताना येक देव.”

मी ऐकलं, पण कळायला जरा वेळ लागला. “जाताना दिलाव म्हंजे?”

“तुमी ह्याना सांगितलाव ना, तेल नाय लावायचा. ह्यानी नायच लावला. हे ट्रक आनायला गेले, तवा मीच दिला, वाडीतून बाहेर जातेय म्हनून. रंधलेला लाकूड, घटाघटा प्यायला. वरचा मी फडक्याने पुसून काडला. येकच हात.” ती माझ्याकडे बघून थांबली. “का वो? वास नाय आला तुमाना? ट्रकात मागं बसलेल्यांची नाका भरली व्हती, हे पुडं डायवरपाशी व्हते.”

शेडमध्ये कुणाच्या हातातला रोलर थांबला. भागोजीने आपल्या मनगटाकडे बघितलं. काजूच्या तेलाने अंगावर फोड येतात, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

साहेब उठून आले. त्यांच्या डोक्यात दिवा पेटलेला दिसत होता. “काजूचं तेल! अहो, त्यात तीच जात असते. डब्यात कंपनी जे रोखणारं औषध घालते ना, त्याच कुळातलं द्रव्य. लाकडात जाऊन बसलंय ते. त्याला टेकलेलं रेझिन वर्षभर शेकलं तरी पकडणार नाही.” कारण सापडल्याचा त्यांना आधी आनंद झाला. मग बाकीचं आठवलं. “म्हणजे बाई, ही चूक तुमची. आम्ही स्पष्ट सांगितलं होतं. आता यात आमचा काही संबंध नाही.”

येसूबाईला निम्मंच समजलं, पण जे समजलं ते पुरेसं होतं. तिने बाटलीला बूच लावलं. लावताना ते दोनदा पडलं. “मी काय केला?” ती धोंडूला विचारत होती. “मी तिचा काय वाईट केला? तेलच दिला ना?”

धोंडू आपल्या बायकोकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मला सोसेना. एक शब्द न बोलता मी तिथून सुटू शकलो असतो. कुणी मला विचारलंच नव्हतं. दोष ठेवायला डोकं मिळालं होतं, कुंकू लावलेलं, आणि ते मान खाली घालून उभं होतं.

“चूक तिची नाय,” मी म्हणालो.

“महिपत, तू मध्ये पडू नकोस,” साहेब म्हणाले.

“मध्ये मीच हाय, सायब. होडी आली तवा लाकूड तपासायचा काम माजा व्हता. ट्रकवाल्याना वास आला, मना नाय आला. मना तीन वर्सा कसलाच वास येत नाय.” बोलायला लागलो तर थांबता येईना. “रोज भागोजीला विचारतो तो त्याला शिकवायला नाय. मनाच कळत नाय म्हनून. त्या दिवशी त्याला पडसा झाला व्हता. मना ठाव व्हता की शेडात नाकच नाय कुनाचा. तरी मी ब्रश घेतला.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. भागोजीचं तोंड उघडं होतं. बिचाऱ्याला आपण तीन वर्षं शिकत होतो असं वाटत होतं.

“तीन वर्षं?” साहेब म्हणाले.

“व्हय.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगितला असता तर ठेवला असतात?”

साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, परत ठेवला. “ही होडी नीट करून दे,” शेवटी ते म्हणाले. “मग बघू.” मग बघू म्हणजे काय, ते बावन्नाव्या वर्षी समजतं.

धोंडू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं हात उचलेल. उचलला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “मना सांगायचा व्हता, दादा. मी वास घेतला असता.”

एवढंच होतं ते. तीन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

ट्रक परत पाठवला. धोंडूने पटाशी मागितली आणि काठापाशी घालून कवच उचकटलं. आम्हाला वाटलं होतं दोन दिवस लागतील. अर्ध्या तासात दोन्ही कुशी सुटून आल्या, अख्ख्या, जशाच्या तशा. साहेब ते बघत उभे होते. धोंडूने एक तुकडा उचलून त्यांच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, “ह्या आमी दर्यात घेऊन जानार व्हतो, सायब. माजे दोगे पोरगे आनि मी.” साहेब गेले आणि त्यांनी ॲसिटोनचं अख्खं पिंप काढून दिलं. न मागता.

मग चीक खरवडायचा, ॲसिटोनने धुवायचा, वरून हलका रंधा मारायचा, सुकवायचं आणि परत धुवायचं. तेल कुठे किती खोल गेलंय हे डोळ्याला दिसत नव्हतं. भागोजीचं नाक अजून चोंदलेलं आणि मनगट सुजलेलं. मी फळीला नाक लावून बसायचो, जसं काही आज अचानक दार उघडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या गाडीने येसूबाई आली. इरलं खुंटीला अडकवलं, पदर खोचला, पहिल्या फळीपाशी उकिडवी बसली आणि नाक लाकडाला टेकवलं.

“हाय अजून,” ती म्हणाली.

आम्ही ती फळी परत धुतली. दुपारी तिने परत हुंगली. “हाय वाईच.” संध्याकाळच्या गाडीने ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. अशी रोज. काळबादेवीहून मिरजोळं, दोन गाड्या बदलून. मला एका शब्दाने बोलली नाही की टोचून बोलली नाही. तिला वाटत होतं चूक तिची, मला ठाऊक होतं माझी, आणि आम्ही दोघं एका फळीवर वाकलेले असायचो. कवच उतरलेल्या काशीच्या तळाशी बसून तिने मला एकदा अर्धी भाकरी दिली, सुकटीबरोबर. भाकरी बरी झालीय, असं मी म्हणालो. नाक गेलं की चवही जाते, पण तोंडात मऊपणा कळतो.

नारळी पौर्णिमेला ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. काळबादेवीच्या साऱ्या होड्या त्या दिवशी पाण्यात उतरायच्या, धोंडूची सोडून. दुपारी बाराच्या सुमाराला ती आली. नवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर, पाय वाळूने भरलेले. नारळ सोडून थेट आली होती.

“गेल्या सगळ्या?” मी विचारलं.

“गेल्या.” तिने लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि सहाव्या फळीपाशी बसली. डोळे पुसले, मग नाकही पुसलं, नीट वास यावा म्हणून. “हितं नाय आता,” ती म्हणाली. “हितं बी नाय. हितं हाय.”

मी खडूने खुणा करत गेलो.

अकराव्या दिवशी तिने सगळा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगत हुंगला. पोरं खेळताना रांगतात तशी. शेडमधली सगळी माणसं काम टाकून बघत होती, साहेबसुद्धा. नाळेपाशी पोचल्यावर ती उठली, गुडघे झाडले आणि म्हणाली, “नाय. कुटंच नाय.”

“नक्की, वयनी?”

“माज्या पोरांच्या जिवाची गोष्ट हाय, दादा. नक्की.”

मी कोबाल्टचे थेंब घातले, ढवळलं, शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कॅटलिस्ट आणलं. त्याचे थेंब भागोजीला मोजायला लावले. पहिला थर चढवला आणि घड्याळ बघत बसलो. वीस मिनिटं. बावीस. मी काठाला बोट लावलं. तार निघाली नाही. आत कुठेतरी पहिल्याने दुसऱ्याचा हात धरला होता आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा. मी उठून बाहेर गेलो आणि पावसात उभा राहिलो, कारण रडू येत होतं आणि पावसात ते दिसत नाही.

गणपतीला तीन दिवस होते, तेव्हा काशी तयार झाली. हंगामाचे पहिले पंधरा दिवस धोंडूच्या हातातून गेले, ते काही परत येणार नव्हते. साहेबांनी आदल्या दिवशी मला बोलावून सांगितलं होतं की गणपतीनंतर मुकादम भागोजी. मला त्यांनी राखणीच्या कामावर ठेवतो म्हटलं. मी बघतो म्हणालो. भागोजी दोन दिवस माझ्याकडे बघायला लाजत होता. मीच त्याला रुपया दिला आणि म्हणालो, “घे, ठोकून बघ. कान तरी शाबूत ठेव.”

तो नाळेपासून ठोकत निघाला. टण. टण. दोन्ही कुशी, सगळा तळ, सुकाणूपर्यंत टण. धोंडू त्याच्यामागून चालत होता, प्रत्येक ठोक्याला मान हलवत. येसूबाई पिशवी पोटाशी धरून उभी होती. सगळं वाजून झालं तेव्हा तिने ती काळपट बाटली बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं. धोंडूकडे नाही, साहेबांकडे नाही.

“आता?” तिने विचारलं.

“आता लावा. बाहेरून काय बी लावा. आत नाय जायाचा.”

वर्षानुवर्षं हेच तेल लावून घट्टे पडलेल्या तळहातावर तिने तेल घेतलं आणि नाळेवर लावलं, मग कुशीवर, खाली वाकून जिथवर हात पोचेल तिथवर. लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होती. मग माझ्याजवळ आली आणि तो तेलकट तळहात माझ्या नाकासमोर धरला.

“येतो?”

“नाय, वयनी.”

तिने हात खाली घेतला नाही. स्वतःच्या नाकाशी नेला, डोळे मिटले आणि नीट हुंगलं, त्या फळ्या हुंगायची तसंच.

“भाजलेल्या काजूचा हाय,” ती म्हणाली. “आनि धुराचा. वाईच कडू. आमच्या सासूबाईंच्या पदराला असाच यायचा.”

तिला सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. भागोजीला म्हणायचो तसं “बरोबर” मी या वेळी म्हणालो नाही.